अंत्यवस्त्राची पूर्वतयारी

मालेगाव (जि. वाशिम) हा तालुका अमरावती धर्मप्रांताच्या सीमेत येतो. येथे ख्रिस्ती कुटुंबे थोडी; शेजार सर्वधर्मीय. हजहून परतणाऱ्या अनेक मुस्लिम भगिनी जमजमच्या पाण्यात भिजवून वाळवलेले पांढरे कापड सोबत आणतात आणि पेटीत जपून ठेवतात. ते त्यांचे स्वतःचे कफन. पुरुषाला तीन वस्त्रे, स्त्रीला पाच. त्यांत ओढणी आणि छातीवरचा पट्टाही असतो.

आपल्या घरात मात्र आजी ‘माझ्या मातीची साडी वेगळी काढून ठेवली आहे’ असे म्हणाली, की ‘अशुभ बोलू नकोस’ म्हणून तिला गप्प केले जाते. मग ऐन वेळी बाजारातून महागडी साडी येते आणि तिचे गाठोडे महिन्याभराने ट्रंकेच्या तळाशी सापडते. हे दुःख टाळता येण्याजोगे आहे, असे आम्हांस वाटते.

बेथानी येथे मरियेने जटामांसीचे मौल्यवान तेल प्रभूच्या चरणांना लावले, तेव्हा प्रभूने त्याचा संबंध स्वतःच्या दफनाशी जोडला व तिला दोष देणाऱ्यांना थांबविले (योहान 12). मरणाची तयारी त्याला अभद्र वाटली नाही. यापो येथील टबीथा मरण पावली तेव्हा विधवांनी तिने शिवलेली वस्त्रे पेत्राला रडत रडत दाखविली (प्रेषितांची कृत्ये 9). सुईदोऱ्याचे काम आणि मरण यांचे नाते असे जुने आहे. कोरियात तर वडीलधाऱ्यांची अंत्यवस्त्रे अधिक महिन्यात शिवून ठेवण्याची प्रथा आहे व त्याने आयुष्य वाढते असा समज आहे!

खर्चाचा प्रश्नही जुनाच. यहुदी तालमूदात नोंद आहे, की अंत्यविधीचा खर्च न पेलल्याने नातलग मृतदेह टाकून पळू लागले. तेव्हा रब्बान गमलिएल यांनी स्वतःसाठी साधे तागाचे वस्त्र निवडले आणि लोकांनी तोच रिवाज उचलला. काही देशांत ख्रिस्ती शवपेटीवर शुभ्र वस्त्र अंथरतात. ते स्नानसंस्काराच्या वस्त्राचे स्मरण असते. त्यापुढे जरीकाठाची मातब्बरी ती काय?

गाठोड्यात सुती साडी, सैल व पुढून उघडणारे पोलके, रुमाल आणि जपमाळ एवढे पुरे. ते कोठे आहे हे एका सुनेला वा लेकीला सांगून ठेवावे. पावसाळ्यानंतर, 2 नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनाच्या सुमारास, त्याला ऊन दाखवावे व कडुलिंबाचा पाला बदलावा.