जवस, मँगनीज आणि भट्टी : नागपूर व लोखंडावरच्या रंगाचा इतिहास

१/ जुन्या जीपचा बंपर, बुलेटचे चाक किंवा इंजिनाचे झाकण घरच्या घरी पावडर कोटिंग करण्याचा छंद आता आपल्याकडेही रुजू लागला आहे. एक छोटी गन, थोडी रंगीत पावडर आणि जुना विजेचा ओव्हन एवढ्यावर काम सुरू होते. तंत्र नवे असले तरी त्यामागचा प्रश्न फार जुना आहे : लोखंडाला गंजापासून वाचवायचे कसे? या प्रश्नाशी नागपूरचे नाते शंभराहून अधिक वर्षांचे आहे. ते नाते उलगडणारा हा #थ्रेड.

२/ गंज म्हणजे लोखंडाची मूळ घराकडे परतण्याची ओढ. निसर्गात लोह प्राणवायूशी बांधलेल्या खनिजाच्या रूपात असते. भट्टीत प्रचंड उष्णता देऊन माणूस ते बंधन तोडतो. पाणी आणि हवा मिळताच धातू पुन्हा ते जोडू लागतो. म्हणून लोखंडावरचा रंग हा आधी चिलखत असतो आणि मग शोभा.

३/ धातूवर लेप देण्याची विद्या आपल्या अंगणात पूर्वीपासून होती. कल्हईवाला भाता मांडून तांब्या-पितळेचे भांडे घासून स्वच्छ करी, तापवी, नवसागर टाकी आणि २३२ अंशांना वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवी. स्वच्छता, उष्णता आणि पातळ एकसंध थर हा तिचा क्रम. हाच क्रम पुढे पावडर कोटिंगमध्येही दिसेल.

४/ लोखंडाचा लेप मात्र वेगळा होता : तेलरंग. त्याचा प्राण म्हणजे जवसाचे तेल. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायू शोषून त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि चिवट पापुद्रा तयार होतो. विदर्भाच्या काळ्या जमिनीत जवस हे रब्बीचे जुने पीक. १८६७ साली जी.आय.पी. रेल्वे नागपूरला पोहोचली आणि मध्य प्रांताचे जवस मुंबईमार्गे युरोपकडे जाऊ लागले.

५/ जवसाच्या तेलात एक उणीव होती. ते वाळायला दिवसचे दिवस घेई. एकोणिसाव्या शतकातील रंगकारांनी त्यावर उपाय शोधला : तेलात धातूंचे क्षार अल्प प्रमाणात मिसळायचे. शिशाबरोबर यात मँगनीजचेही क्षार वापरले जात. प्राणवायू शोषण्याची क्रिया त्यांनी वेगवान होते. या द्रव्यांना रंगाच्या धंद्यात ‘ड्रायर’ म्हणतात.

६/ आणि मँगनीज तर नागपूरच्या दारातच होते. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी मनसर, कांद्री, गुमगाव, भंडाऱ्यातील चिखला आणि पलीकडे बालाघाट हा सारा पट्टा जगाच्या खाणकामाच्या नकाशावर आला. भूवैज्ञानिक फर्मर यांनी १९०९ साली भारतातील मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला. येथील एका मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले.

७/ या खनिजाची खरी भूक पोलाद कारखान्यांना होती. पोलादातील गंधक लोखंडाशी जुळला, तर तापवून ठोकताना पोलाद तडकते. मँगनीज त्या गंधकाला आपल्याकडे ओढून घेते. म्हणून प्रत्येक टन पोलादाला थोडे तरी मँगनीज लागतेच. मध्य प्रांताचे हे खनिज बाहेर नेता यावे, हा १९३३ साली खुल्या झालेल्या विशाखापट्टणम बंदरामागचा एक प्रमुख हेतू होता.

८/ येथे इतिहासाचा विरोधाभास ठळक होतो. रंगाचे तेल देणारे जवस येथले, ते वाळवणारे मँगनीज येथले, ज्यावर रंग द्यायचा त्या पोलादाचा आवश्यक घटकही येथलाच. तरीही तिन्ही वस्तू कच्च्या रूपात बाहेर जात. कापसाला १८७७ साली एम्प्रेस मिलच्या रूपाने नागपुरातच गिरणी मिळाली. खनिज आणि तेलबिया यांच्यावर प्रक्रिया करण्याचे शास्त्र शिकवणारी संस्था मात्र शहरात नव्हती.

९/ ही उणीव भरून काढणारे गृहस्थ होते कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण : जमीनदार, खाणमालक आणि व्यापारी. १९३० साली त्यांनी आपल्या संपत्तीतील सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठाला दिले. विद्यापीठ तेव्हा अवघे सात वर्षांचे होते. देणगीचा हेतू नेमका होता : उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राचे शिक्षण. देऊळ किंवा धर्मशाळा बांधून नाव राखणे त्या काळी रूढ होते. या देणगीतून उभी राहिली ती प्रयोगशाळा.

१०/ त्या निधीतून १९४२ साली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे नागपूरकरांचे ‘एल.आय.टी.’, सुरू झाली. महायुद्ध पेटलेले होते, परदेशी रंगांची आयात आटली होती. त्याच वर्षी मुंबईतील एका गॅरेजात चार मित्रांनी एशियन पेंट्सचा आरंभ केला. एल.आय.टी.त पुढे तेल तंत्रज्ञानाबरोबर पृष्ठलेपन तंत्रज्ञान, म्हणजे ‘सरफेस कोटिंग’, ही स्वतंत्र शाखा उभी राहिली. २०२३ साली या संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

११/ आता मोटारीकडे वळू. सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्या रंगवल्या जात : तेलरंग आणि व्हार्निशचे थरावर थर, आणि वाळायला कित्येक आठवडे. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात काळ्याच रंगात मिळे. १९२४ च्या सुमारास जनरल मोटर्सने ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरात आणला. तो काही तासांत वाळे आणि अनेक रंगांत मिळे. आपल्या गॅरेजांत फवाऱ्याच्या रंगकामाला आजही ‘ड्यूको’ म्हणतात, ते यामुळेच.

१२/ ड्यूकोच्या वेगाची किंमत कोणी मोजली? हा रंग वाळतो तो त्यातील थिनर उडून गेल्यामुळे. उडालेला थिनर नाहीसा होत नाही, तो हवेत आणि रंगाऱ्याच्या फुप्फुसात जातो. बंद शेडमध्ये तोंडाला रुमाल बांधून गन चालवणारा कारागीर दिवसभर तीच वाफ ओढतो. रुमाल धूळ थोडीफार अडवतो, वाफ अडवत नाही.

१३/ थिनरच नको, हा विचार १९५० च्या दशकात जर्मनीत प्रत्यक्षात आला. एर्विन गेमर यांनी प्लास्टिकची बारीक पूड एका टाकीत घेऊन खालून हवा सोडली. पूड उकळत्या पाण्यासारखी खळबळू लागली. तापवलेला सुटा भाग तीत बुडवला, की पूड त्याला चिकटून वितळे आणि सलग थर होई. १९५३ मध्ये त्यांनी या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. थर मात्र जाड येई.

१४/ १९६० च्या दशकात स्थिर विजेने ती अडचण सोडवली. गनच्या टोकाशी ६० ते १०० किलोव्होल्टचा दाब असतो. त्यातून बाहेर पडणारा कण भारित होतो आणि अर्थिंग केलेल्या धातूकडे खेचला जातो. मग भाग भट्टीत जातो आणि पूड वितळून तिचे रेणू कायमचे जुळतात. थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा. न चिकटलेली पूड गोळा करून पुन्हा वापरता येते.

१५/ या तंत्राला कायद्यानेही बळ दिले. १९६६ साली लॉस एंजेलिस परगण्याने धुरकट हवेला आळा घालण्यासाठी रंगातील द्रावकांवर निर्बंध आणले. १९७३ च्या तेलसंकटानंतर द्रावक महागले. हवा वाचवणे आणि पैसा वाचवणे ही दोन्ही उद्दिष्टे एकाच दिशेला आली, तेव्हा कारखाने पावडरकडे वळले.

१६/ विदर्भात हे तंत्र उद्योगाच्या वाटेने आले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. नागपूरजवळ हिंगणा आणि पुढे बुटीबोरी येथे वसाहती उभ्या राहिल्या. हिंगण्याला महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे, तर भंडाऱ्याजवळ अशोक लेलँडचा. अशा मोठ्या कारखान्यांभोवती जॉबवर्कच्या शेड वाढतात. पत्र्याची कपाटे, खिडक्यांच्या जाळ्या आणि गाड्यांचे सुटे भाग एकाच भट्टीतून निघतात.

१७/ चांगल्या शेडची ओळख गनवरून होत नाही, टाक्यांवरून होते. ‘सेव्हन टँक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रक्रियेत तेलकटपणा काढणे, आम्लाने गंज काढणे, मधल्या धुलाया आणि फॉस्फेटचा थर हे टप्पे येतात. लोखंडावर फॉस्फेट चढवण्याचे पेटंट बर्मिंगहॅमच्या कॉस्लेट यांनी १९०६ साली घेतले होते. हा थर नसेल, तर चकचकीत रंगाखाली गंज निवांत पसरत राहतो.

१८/ घरगुती प्रयोग बहुधा येथेच फसतो. घासकाम अर्धवट राहते. दुसरी चूक तापमानाची. १८० ते २०० अंश आणि १० ते २० मिनिटे हा हिशोब ओव्हनच्या हवेचा नसून धातूचा असतो. जाड भाग हळू तापतो, म्हणून वेळ धातू तापल्यावर मोजायची. कोपऱ्यांत आणि खोबणीत पूड पोहोचत नाही, याला फॅरेडेचे नाव आहे : चहूबाजूंनी धातूने वेढलेल्या जागेत विद्युतक्षेत्र शिरत नाही, हे त्यांनी १८३६ साली दाखवले होते.

१९/ धोके मात्र हौसेचे भान ठेवत नाहीत. हवेत तरंगणारी बारीक पूड ठिणगीने स्फोटासारखी पेटू शकते, म्हणून खरी अर्थिंग, मोकळी हवा आणि आसपास ज्योत नसणे अनिवार्य. पावडरसाठी वापरलेला ओव्हन पुन्हा कधीही अन्नासाठी वापरू नये. काही पॉलिएस्टर पावडरींतील टीजीआयसी हे द्रव्य जनुकांना अपाय करणारे म्हणून युरोपात वर्गीकृत आहे, त्यामुळे कणरोधक मास्क हवाच.

२०/ अलॉय व्हीलबाबत विशेष सावधगिरी हवी. त्या ॲल्युमिनियमची ताकद ठरावीक उष्णतेच्या संस्कारातून आलेली असते. भट्टी प्रमाणाबाहेर तापली किंवा चाक फार वेळ आत राहिले, तर रंग सुंदर दिसतो आणि चाक दुबळे होते. ही हानी डोळ्यांना दिसत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचा भार अशा चाकावर असतो.

२१/ नागपूरची स्वतःची एक अडचण आहे : मे महिना. पावडर थंड, कोरड्या जागी ठेवायची असते. ४५ अंशांच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेली पिशवी गुठळ्या धरते, गन तुंबते आणि पृष्ठभागावर दाणे उमटतात. पावसाळ्यात ओलाव्यामुळे पूड नीट उडत नाही. जर्मनीत जन्मलेल्या तंत्राला विदर्भाचे ऋतुमान शिकावे लागते.

२२/ थिनर टळला हा कारागिराचा मोठा लाभ आहे. पण पावडर कोटिंग म्हणजे ‘निर्धोक रंग’ हा समज चुकीचा आहे. धोका वाफेतून धुळीत आणि विजेत गेला, एवढेच. तो ओळखायला रसायनशास्त्र लागते. ते बहुतेक वेळा महाविद्यालयाच्या इमारतीत राहते आणि शेडमध्ये पोहोचते ते फक्त गनसोबत आलेले माहितीपत्रक, तेही इंग्रजीत.

२३/ कल्हईवाल्याची विद्या बापाकडून मुलाकडे जाई. पावडरची विद्या तशी जात नाही, ती शिकवावी लागते. रावबहादूरांची देणगी उपयोजित विज्ञानासाठी होती. ज्या शहराने जवस आणि मँगनीज जगाला दिले, त्याच शहरातील पृष्ठलेपनाची ही विद्या हिंगण्याच्या शेडमधील मुलाला त्याच्या भाषेत मिळाली, तर त्या ३५ लाखांतील ‘उपयोजित’ या शब्दाचे सार्थक होईल.

(समाप्त)