जबलपूर : स्थानिक स्वराज्य

जबलपूर : स्थानिक स्वराज्य. मध्य प्रदेशातील जबलपूर शहर आणि त्याच्या भोवतालचा ग्रामीण मुलूख यांच्या स्थानिक कारभाराची परंपरा. नगरपालिका (१८६४), तहसिलींची लोकल बोर्डे व जिल्हा कौन्सिल (१८८३ चा कायदा), जनपद सभा (१९४८), नगर निगम म्हणजे महानगरपालिका (१९५०) आणि त्रिस्तरीय पंचायत राज्य (१९९४) हे तिचे मुख्य टप्पे. मराठी वाचकाला हा इतिहास परका नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे जिल्हे जबलपूरबरोबर एकाच प्रांतात होते आणि १९६२ पर्यंत विदर्भातील ग्रामीण कारभारही जनपद सभांच्याच कायद्याने चालत होता. त्या कायद्यामागे जबलपूरच्या राजकारणात वाढलेला एक माणूस होता.

गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी घेतले आणि मुख्य ठाणे जबलपुरात आणले. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला व डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. मराठी अंमलात गावचा वसूल पाटलाकडे मक्त्याने असे. इंग्रजांनी १८६० च्या दशकातील जमाबंदीत या मक्तेदारांनाच गावाचे मालक ठरवले. हेच मालगुजार. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव, म्हणजे तिकडचे ‘मामा तलाव’, त्याच व्यवस्थेची आठवण आहेत. वऱ्हाडात रयतवारी असल्यामुळे शेतकऱ्याचा संबंध थेट सरकारशी येई. जबलपुरात मात्र सरकार आणि कूळ यांच्यामध्ये मालगुजार उभा होता. गावची विहीर, पाणंद, गायरान, बाजाराची जागा या सगळ्यांवर त्याचा शब्द चाले. तो गावात राहत नसला तर त्याचा मुकादम-गुमास्ता कारभार पाही. स्थानिक स्वराज्याचा या भागातला पुढचा सगळा प्रवास समजून घेताना हे ध्यानात ठेवावे लागते: गावकऱ्यांनी एकत्र बसून ठरवावे असे फारसे काही मालगुजारीने शिल्लक ठेवले नव्हते.

सरकारचे गावातले हातपाय म्हणजे कोटवार. महाराष्ट्रात ज्याला कोतवाल म्हणतात तोच हा. रात्रीचा पहारा, दवंडी, अनोळखी माणसाची वर्दी आणि जन्ममृत्यूची खबर ही त्याची कामे. ठरलेल्या वाराला तो वही घेऊन ठाण्यावर जाई. गावात कोण जन्मले, कोण मेले आणि कशाने मेले, हे तो तोंडी सांगे व ते वहीत उतरवून घेतले जाई. पटकीची साथ कुठल्या गावातून कुठे सरकली, हे जिल्ह्याच्या साहेबाला कळे ते या माणसाच्या पायपिटीमुळे. मोबदला म्हणून त्याला थोडी जमीन किंवा कुळांकडून धान्य मिळे. सरकारी अहवालांतील मृत्यूचे आकडे अभ्यासकांनी पुष्कळ वापरले, पण ते गोळा करणाऱ्या कोटवाराविषयी फार थोडे लिहिले गेले आहे.

व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मध्य प्रांतात १८८३ चा स्थानिक स्वराज्य कायदा आला. त्यात दोन पायऱ्या होत्या : तहसिलीला लोकल बोर्ड आणि जिल्ह्याला जिल्हा कौन्सिल. जबलपूर जिल्ह्यात त्या काळी जबलपूर, सिहोरा व मुडवारा (आजचे कटनी) या तहसिली होत्या. तहसिलीतील गावांचे गट पाडत, गटातील मुकादम एकत्र येऊन आपल्यातला एक प्रतिनिधी निवडत आणि तो लोकल बोर्डावर बसे. व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी वेगळे आणि सरकारनियुक्त वेगळे. बोर्डे आपल्यातून जिल्हा कौन्सिलवर माणसे पाठवीत. म्हणजे मत होते, पण ते मुकादमाला. कुळाला आणि मजुराला नव्हते, स्त्रीचा तर प्रश्नच नव्हता.

अटलांटिकच्या पलीकडे न्यू इंग्लंडमधील गावांनी सतराव्या शतकातच वेगळी वाट धरली होती. मॅसॅच्युसेट्सच्या सभेने १६३६ मध्ये गावांना आपापले नियम करण्याचा अधिकार मान्य केला. मताधिकार असलेले पुरुष सभागृहात जमून वर्षाचा कर ठरवीत आणि कारभारी मंडळापासून कुंपणे तपासणारा, मोकाट डुकरे आवरणारा, कोंडवाडा सांभाळणारा अशा सगळ्यांची निवड तिथेच करीत. तिथेही स्त्रिया आणि गुलाम बाहेरच होते, त्यामुळे त्या सभांचे गोडवे मोजूनमापून गावेत. कोंडवाडा मात्र दोन्हीकडे स्थानिक कारभाराच्या केंद्रस्थानी होता. जबलपूरकडे त्याला कांजी हौस म्हणतात. दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरलेले जनावर तिथे डांबायचे, दंड भरल्यावर सोडायचे आणि कोणी न्यायला आले नाही तर लिलाव करायचा. हा दंड, नदीच्या उताऱ्यांवरील नावांचा मक्ता आणि शेतसाऱ्यावरील उपकर एवढ्यावर लोकल बोर्डांनी प्राथमिक शाळा, कच्चे रस्ते आणि दवाखाने चालवायचे होते. न्यू इंग्लंडमधील गाव आपला कर आपण ठरवी. इथले उत्पन्न मात्र कायद्याने ठरवून दिलेले होते आणि ते अपुरे होते. सिहोऱ्यापुढच्या खेड्यात शाळा निघायला अनेक दशके का लागली, याचे उत्तर बव्हंशी या फरकात आहे.

शहराची कथा वेगळी. जबलपूर नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली. सिहोरा आणि मुडवारा येथेही पुढच्या दशकभरात नगरपालिका आल्या. जबलपूरचे महत्त्व रेल्वेने वाढवले. १८७० मध्ये मुंबईकडून आणि अलाहाबादकडून येणारे लोहमार्ग इथे जोडले गेले आणि १९०१ पर्यंत लोकसंख्या सुमारे ९०,००० झाली. नगरपालिकेची मुख्य मिळकत चुंगी म्हणजे जकात ही होती. तिच्या जोरावर कामे झाली, त्यांत सर्वांत मोठे काम पाण्याचे. शहराबाहेरच्या खंदारी नाल्यावर बांध घालून १८८३ मध्ये जलाशयाचे पाणी नळाने शहरात आणले. तोवर शहर तळ्यांवर आणि विहिरींवर जगत होते. हनुमानताल, रानीताल, आधारताल, चेरीताल ही मोहल्ल्यांची नावे त्याची साक्ष देतात. लष्करी छावणीचा कारभार मात्र नगरपालिकेबाहेर राहिला आणि आजही तो छावणी मंडळाकडे आहे.

या नगरपालिकेने एकदा साऱ्या देशाचे लक्ष वेधून घेतले. १९२२ मध्ये हकीम अजमल खान यांच्यासह काँग्रेसची सविनय कायदेभंग चौकशी समिती जबलपुरात आली, तेव्हा नगरपालिकेने टाऊन हॉलवर चरख्याचा तिरंगा फडकावला. सरकारी कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेच्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा लागल्याची बातमी लंडनपर्यंत गेली, ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले आणि पुन्हा असे होऊ दिले जाणार नाही अशी ग्वाही तिथे देण्यात आली. मार्च १९२३ मध्ये राजेंद्रप्रसाद, राजगोपालाचारी, जमनालाल बजाज प्रभृती आले. या वेळी परवानगी नाकारली गेली आणि निषेध म्हणून सभासदांनी राजीनामे दिले. १८ मार्च १९२३ रोजी, गांधीजींना शिक्षा झाल्याला वर्ष झाले त्या दिवशी, पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक टाऊन हॉलकडे गेली. कवयित्री सुभद्राकुमारी चौहान आणि त्यांचे पती लक्ष्मणसिंह हेही या लढ्यात होते. झेंडा लागला, पोलिसांनी तो उतरवून पायदळी तुडवला आणि सुंदरलाल यांना कैद झाली. लढ्याचे केंद्र मग नागपुरास गेले. तिथला झेंडा सत्याग्रह जमनालाल बजाज यांनी चालवला व त्यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये तो शेवटास नेला. नागपूरच्या सत्याग्रहाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्याची सुरुवात नगरपालिकेच्या इमारतीवर कोणाचा हक्क, या प्रश्नातून झाली हे मात्र क्वचितच सांगितले जाते. नाली आणि दिवाबत्ती यांपलीकडे आपल्या सभागृहाला काही अर्थ आहे, असे मानणाऱ्या सभासदांनी तो प्रश्न उभा केला होता. जबलपूरच्या स्थानिक स्वराज्याच्या इतिहासात याहून अभिमानास्पद प्रसंग नाही. तो टाऊन हॉल आज गांधी भवन वाचनालय म्हणून ओळखला जातो.

स्वातंत्र्याच्या सुमारास मध्य प्रांताच्या रविशंकर शुक्ल मंत्रिमंडळात स्थानिक स्वराज्य खाते द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याकडे होते. जबलपूरचे पत्रकार व काँग्रेसचे पुढारी, तुरुंगात ‘कृष्णायन’ हे महाकाव्य लिहिणारे आणि पुढे १९६३ ते १९६७ मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झालेले हे गृहस्थ. त्यांची जनपद योजना मध्य प्रांत व वऱ्हाड स्थानिक शासन अधिनियम, १९४८ या नावाने अमलात आली. जिल्हा कौन्सिले आणि लोकल बोर्डे मोडीत निघाली. प्रत्येक तहसील हे एक जनपद आणि त्याची एक निवडलेली सभा. खेडी आणि लहान शहरे यांचे प्रतिनिधी एकाच सभेत बसणार होते, कारण बाजारगाव आणि त्यावर अवलंबून असलेली खेडी यांचे हित तोडून पाहता येत नाही, अशी मिश्रांची भूमिका होती. शिक्षण, आरोग्य, शेती, बांधकाम, अर्थ अशा स्थायी समित्या होत्या. कल्पनेतील सर्वांत धाडसी भाग पुढचा : सरकारी खात्यांची तहसील पातळीवरची कामे हळूहळू सभेकडे सोपवायची, म्हणजे तहसिलीत सरकार आणि लोकनियुक्त संस्था असे दोन कारभार उरणार नाहीत. पंचायत राज्याची शिफारस करणारा बळवंतराय मेहता समितीचा अहवाल १९५७ चा. त्याच्या नऊ वर्षे आधी एका प्रांताने हे कायद्यात लिहिले होते, ही गोष्ट पंचायत राज्याच्या मराठी पुस्तकांत तळटिपेपुरती येते. तिला याहून मोठी जागा मिळायला हवी.

योजना जितकी मोठी होती तितके तिच्या पदरात पडले नाही. सभेचा मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारचा नोकर होता आणि त्याचा साहाय्यक तहसीलदार. ठराव सभेचा, अंमल त्यांचा, आणि त्यांची बढती-बदली सरकारच्या हाती. एखाद्या गावच्या शाळेची खोली सभेने मंजूर केली तरी ती केव्हा उभी राहील, हे अधिकाऱ्याच्या टेबलावर ठरे. दुसरी अडचण पैशाची. खात्यांची कामे द्यायची तर त्यांचा निधीही द्यावा लागतो, आणि खाती निधी सोडायला तयार नव्हती. छिंदवाड्याच्या जनपद सभेला कोळशावरील कराचा आधार होता, पण त्याला कोळसा कंपन्यांनी न्यायालयात आव्हान दिले. तो कर वैध ठरवण्यासाठी राज्याने केलेला कायदाही सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. सभेच्या विरोधात निकाल लागला तो १९७० मध्ये. स्वतः मिश्र १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि योजनेमागे ज्याचा आग्रह होता तोच दूर झाला. त्याच वर्षी मालगुजारी संपली. म्हणजे गावातला जुना मालक गेला, पण त्याची जागा घेऊ शकेल अशी लोकांची संस्था अर्धवटच उभी होती.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. जनपद सभा दोन्हीकडे चालू राहिल्या. विदर्भातील जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘जनपदची शाळा’ येते ती यामुळे. महाराष्ट्रात पुसदचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जिल्हा हेच मुख्य एकक ठरवले : तज्ज्ञ नोकरवर्ग आणि पुरेसा निधी जिल्ह्यालाच पेलतो, असा तिचा युक्तिवाद होता. त्यानुसार १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला, १ मे १९६२ पासून तो लागू झाला आणि विदर्भातील जनपद सभा विसर्जित झाल्या. नाईक स्वतः जनपदांच्या प्रदेशातले असल्यामुळे हा निर्णय अनुभवातून आला असावा. तरी त्याची किंमतही होती. तालुक्याची पंचायत समिती जिल्हा परिषदेच्या हाताखालची झाली आणि मेळघाटातल्या किंवा अहेरीकडच्या माणसाला निर्णयाचे ठिकाण फार दूर गेले.

जबलपूर शहराचा कारभार १९५० पासून नगर निगमाकडे आहे. सुरुवातीच्या काळात अनेकदा महापौर झालेले भवानीप्रसाद तिवारी हे रवींद्रनाथांच्या ‘गीतांजली’चे हिंदी अनुगायन करणारे कवी म्हणूनही प्रसिद्ध आहेत. १९७६ मध्ये मध्य प्रदेशाने चुंगी बंद केली. व्यापाऱ्यांचा जाच गेला, पण नगर निगमाचे स्वतःचे सर्वांत भरवशाचे उत्पन्नही गेले आणि भरपाईच्या अनुदानासाठी भोपाळकडे पाहणे आले. महाराष्ट्रातील नगरपालिकांना हा अनुभव पुढे जकात बंद झाल्यावर आला. आज शहरात ७९ प्रभाग आहेत.

ग्रामीण भागात, पंचायतींना घटनात्मक दर्जा देणाऱ्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर, मध्य प्रदेशाने १९९४ मध्ये पंचायतींच्या निवडणुका घेतल्या आणि असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. २००१ मध्ये ग्रामसभेला थेट अधिकार देण्याचा ग्रामस्वराज्याचा प्रयोगही याच राज्याने केला. मधल्या स्तराला इथे जनपद पंचायत म्हणतात. मिश्रांच्या योजनेतले नाव टिकले, अधिकार मात्र ग्रामपंचायत व जिल्हा पंचायत यांच्यात वाटले गेले. १९९८ मध्ये कटनी वेगळा जिल्हा झाल्यावर जबलपूर जिल्ह्यात जबलपूर, पनागर, सिहोरा, मझौली, पाटण, शहापुरा आणि कुंडम अशा सात जनपद पंचायती आहेत. त्यांचे अध्यक्ष लोकांनी निवडलेल्या सदस्यांतून येतात आणि मुख्य कार्यपालन अधिकारी राज्य शासन नेमते.