प्रतीक्षा यादीचा इतिहास : महाराष्ट्रातील खाजगी शाळा व 25 टक्के राखीव प्रवेश

प्रस्तावना :
जागा थोड्या आणि अर्जदार अनेक, ही खाजगी शाळांची स्थिती नवी नाही. मात्र जागा रिकामी झाल्यास ती कोणाला द्यावयाची, हे ठरविण्याचा अधिकार कालांतराने बदलत गेला. प्रस्तुत लेखात या बदलाचा आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. कोठारी आयोगाने (1964-66) परिसर शाळेची कल्पना मांडली. तथापि खाजगी शाळेचा प्रवेश प्रामुख्याने व्यवस्थापनाच्या अखत्यारीत राहिला. मुलाखत, ओळख व देणगी यांवर प्रतीक्षा यादीतील क्रम पुढे-मागे होऊ शकत असे. महाराष्ट्राने 1987 मध्ये कॅपिटेशन फीस मनाई करणारा कायदा केला. परंतु यादी कशी चालावी, हा प्रश्न त्याने सुटला नाही.

शिक्षण हक्क कायदा व सोडत :
1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 12 नुसार खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातील किमान 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील बालकांना देणे बंधनकारक झाले. कलम 13 ने बालक व पालक यांच्या चाचणी-मुलाखतीस मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ही तरतूद वैध ठरविली. मात्र विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा तिच्यातून वगळल्या. 2014 च्या निर्णयाने सर्वच अल्पसंख्याक शाळा कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या.

40 विद्यार्थ्यांच्या वर्गात राखीव जागा केवळ 10 असतात. महाराष्ट्रात ऑनलाइन सोडतीद्वारे निवड यादी व प्रतीक्षा यादी तयार होऊ लागली. निवड झालेल्या बालकाने मुदतीत प्रवेश न घेतल्यास अथवा कागदपत्रे पडताळणीत अपात्र ठरल्यास जागा रिक्त होते व प्रतीक्षा यादीतील पुढील बालकास संधी मिळते. नामांकित शाळेत अशी जागा क्वचितच सुटते, तर अन्यत्र राखीव जागा रिक्त राहतात. घरापासूनचे अंतर व पालकांचा पसंतीक्रम ही त्यामागील प्रमुख कारणे होत.

2024 चा प्रसंग :
9 फेब्रुवारी 2024 च्या नियमदुरुस्तीने, एक किलोमीटरच्या आत शासकीय अथवा अनुदानित शाळा असल्यास खाजगी विनाअनुदानित शाळांना या दायित्वातून सूट देण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे रोजी या दुरुस्तीस स्थगिती दिली व 19 जुलै रोजी ती रद्द ठरविली. त्यामुळे त्या वर्षीचा सोडतीचा निकाल शाळा सुरू झाल्यानंतर जाहीर झाला. प्रतीक्षा यादीतील पालकांपुढे मग बिकट पेच उभा राहिला : दुसऱ्या शाळेत फी भरावी, की बालकाला घरी ठेवून वाट पाहावी? ज्यांची फी भरण्याची ऐपत नव्हती, त्यांना ही निवडही उपलब्ध नव्हती.

समारोप :
कायद्याने निवडीतील मेहेरबानीला आळा घातला, परंतु जागांची टंचाई दूर केली नाही. सोडतीने क्रम निश्चित केला. त्या क्रमाला अर्थ मात्र रिक्त जागा वेळेवर व उघडपणे जाहीर झाल्यावरच प्राप्त होतो. सहा वर्षांच्या बालकाच्या दृष्टीने उशिरा मिळालेला प्रवेश हा अर्धा नाकारलेलाच प्रवेश होय. म्हणूनच प्रतीक्षा यादीचा इतिहास हा केवळ प्रशासकीय तपशील नसून, फुले यांच्या मागणीच्या अपूर्ण राहिलेल्या पूर्ततेचा इतिहास आहे.