पाऊस पडला की दुष्काळ संपतो का?

12 एप्रिल 2016. मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे पहाटे लातूरला पोचली. 10 वाघिणी, प्रत्येकीत साधारण 50 हजार लिटर पाणी. 2011 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या 3 लाख 80 हजारांच्या वर. म्हणजे त्या पहिल्या फेरीचं पाणी सगळ्यांना वाटलं असतं, तर माणशी दीड लिटरही आलं नसतं. पुढे 50 वाघिणींची गाडी धावू लागली. त्याआधी मार्चमध्येच टँकर आणि टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती.

हे सगळं अनेकांना आठवत असेल. पुढचं मात्र फारसं आठवत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर मराठवाड्यात धो धो पाऊस झाला, लातूरला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण भरलं आणि दुष्काळ बातम्यांमधून गेला.

पण धरण एका पावसाळ्यात भरतं. दुष्काळात गेलेल्या बाकीच्या गोष्टी तेवढ्या वेळात भरून येत नाहीत.

1972 ला धान्य नव्हतं, आता पाणी नाही

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना 1972 बद्दल विचारा. मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, सुकडी आणि खडी फोडायची कामं, या तीन गोष्टी हमखास निघतील. 1973 च्या उन्हाळ्यात सरकारी दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख लोक होते. त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमी कायदा आला. जुनी माणसं आणखी एक गोष्ट सांगतात. तेव्हा खायला नव्हतं, पण बऱ्याच विहिरींना पाणी होतं.

2012-13 आणि 2015-16 ला उलटं झालं. रेशनवर धान्य होतं, पण विहिरी कोरड्या होत्या. धान्य पोत्यात भरून कुठेही नेता येतं. पाण्याचं तसं नाही. माणसांपुरतं ते टँकरने आणता येतं, पण गोठ्यातल्या मोठ्या जनावराला उन्हाळ्यात दिवसाला 40 ते 60 लिटर लागतं. चार जनावरं असतील तर हिशोब तुम्हीच करा. बागेचा तर विषयच सोडा.

म्हणून शेतकरी आधी जनावरं विकतो. सगळे एकाच वेळी विकायला निघतात, त्यामुळे बाजारात भाव पडतो. त्यात मार्च 2015 पासून राज्यात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली आणि थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक मिळणं आणखी अवघड झालं. पाऊस आल्यावर तीच जोडी परत घ्यायची तर दुप्पट-तिप्पट पैसे मोजावे लागतात. चारा छावण्या याचसाठी असतात. जनावर जगवायचं म्हणून घरातलं एक माणूस महिनोन्महिने छावणीत मुक्काम ठोकतं.

फळबागांचं नुकसान आणखी लांबतं. जालना जिल्ह्यात 2012-13 ला मोसंबीच्या बागा वाळल्या आणि शेतकऱ्यांनी त्या स्वतःच्या हाताने तोडल्या. मोसंबीचं झाड लावल्यावर फळ यायला साधारण पाच वर्षं जातात. त्या पाच वर्षांत कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. मग बीडसारख्या जिल्ह्यात उचल घेऊन ऊसतोडीला जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुलांची शाळा सहा महिने सुटते. ज्या पिकाने भागातलं पाणी सर्वांत जास्त ओढलं, तेच पीक तोडायला जावं लागतं, हे त्यातलं विशेष.

जमिनीखाली काय होतं?

मराठवाड्याच्या बहुतेक भागाखाली बेसाल्ट आहे, म्हणजे काळा पाषाण. तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकातल्या फटींमध्ये. हा साठा उथळ असतो, पावसाने भरतो आणि उपशाने संपतो. तो संपला की बोअर आणखी खोल जातं. खोलवरचं पाणी फार जुनं असतं, ते एका पावसाळ्यात भरत नाही. काही ठिकाणी त्यात फ्लोराइडही जास्त सापडतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायल्यास दात आणि हाडं खराब होतात. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात अधिसूचित भागात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे, पण गावोगाव बोअरच्या गाड्या याच्या कितीतरी खाली जातात.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजून ती मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघते. यात एक मेख आहे. पाचपैकी तीन वर्षं वाईट गेली असतील तर सरासरीच खाली येते आणि यंदाची पातळी कागदावर बरी दिसते.

वरची मातीही बदलते. जनावरं गेली की शेणखत गेलं. पीक नाही म्हणून पालापाचोळाही नाही. उघडी, भेगाळलेली जमीन पहिल्याच वळवात वाहून जाते.

आणि ज्यांचा पंचनामा होत नाही

कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरी अभयारण्यात काळवीट आहेत. उन्हाळ्यात वन विभाग तिथले कृत्रिम पाणवठे टँकरने भरतो. याने जीव वाचतात, पण सगळे प्राणी दोन-चार ठिकाणी एकवटतात. तिथे रोग पसरतो, भटकी कुत्री टपून असतात आणि शिकाऱ्यांना नेम धरायला सोपं जातं. पाण्याच्या वासाने शेतात आलेला प्राणी कठडा नसलेल्या विहिरीत पडतो, ही बातमी दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावातून येतेच.

सगळ्यांचं नुकसानच होतं असं नाही. उजनीचं पाणी उतरलं की उथळ चिखल उघडा पडतो आणि भिगवणला फ्लेमिंगोंची चंगळ होते. पण सोलापूरच्या नान्नजमधला माळढोक बघा. त्याची वीण पावसाळ्यातली. पाऊस नाही म्हणजे गवत नाही आणि गवत नाही म्हणजे नाकतोडेही नाहीत. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही जमिनीवर. जिथे हे पक्षी जेमतेम उरलेत, तिथे एक वाया गेलेला हंगामही महागात पडतो.

31 ऑक्टोबर 2023 ला राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. अशा वेळी मिळणाऱ्या सवलती ठरलेल्या असतात: जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, कृषीपंपाच्या वीजबिलात 33.5 टक्के सवलत, परीक्षा शुल्क माफी, गरज पडेल तिथे टँकर. या सवलती त्या वर्षापुरत्या असतात. मोसंबीचं नवं झाड तेव्हा अजून रोपवाटिकेत असतं.