प्लग काजळणे (विमान-इंजिन)

लहान विमानांच्या पेट्रोल-इंजिनात स्पार्क प्लगच्या टोकाशी काजळी, तेल वा शिशाचे क्षार साचून ठिणगी क्षीण होणे किंवा मुळीच न पडणे. दर सिलिंडरला दोन प्लग आणि त्यांना वीज पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असल्याने एक प्लग गेल्याने इंजिन बंद पडत नाही. ते थरथरते, शक्ती घटते.

इतिहास : १९३० च्या आगाखान पारितोषिकाच्या शर्यतीत वैमानिक ॲस्पी इंजिनिअर प्लगअभावी इजिप्तमध्ये अबुकीरला अडकले. जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये उड्डाण शिकलेले जे. आर. डी. टाटा उलट दिशेने, कराचीहून लंडनला, निघाले होते. त्यांनी जवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला दिले. शर्यत इंजिनिअर यांनी जिंकली.

कारणे : मऊ काळी भुकटी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. ओला काळा थर म्हणजे तेल. ते खालच्या प्लगांत आधी उतरते. करडे टणक खडे शिशाचे, आणि प्रशिक्षण-विमानांना खरा जाच यांचाच. १००एलएल पेट्रोलला ‘कमी शिशाचे’ म्हणतात, पण त्यात लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे चालते. जुन्या ८०/८७ मध्ये मर्यादा ०.१४ होती. शिसे धुरावाटे निघून जावे म्हणून एथिलीन डायब्रोमाइड मिसळतात, मात्र प्लगचे टोक सुमारे ४८०° से. तापल्याखेरीज ते काम करत नाही. जमिनीवर मंद गतीत खोळंबलेल्या इंजिनात इतकी उष्णता येत नाही.

भारतात इंडियन ऑइलने स्वदेशी १००एलएल पेट्रोल २०२२ मध्ये आणले. ते वडोदऱ्याला बनते.

प्रतिबंध : लायकॉमिंग कंपनीच्या सूचनेनुसार जमिनीवर इंजिन मिनिटाला १,२०० फेऱ्यांच्या आसपास ठेवावे. बंद करण्यापूर्वी १५–२० सेकंद १,८०० फेरे द्यावेत, मग १,२०० वर आणून मिश्रण-नियंत्रकाने (मिक्स्चर) बंद करावे. उंचावरून शक्ती एकदम कमी करून झपाट्याने उतरू नये. जमिनीवर मिश्रण किती विरळ करावे, याबद्दल प्रशिक्षकांत एकमत नाही. सेसना १५२ च्या मॅग्नेटो-चाचणीत १,७०० वरून १२५ हून अधिक फेरे घसरले, किंवा दोन मॅग्नेटोंच्या घसरणीत ५० हून अधिक फरक पडला, तर उड्डाण करू नये.

देखभाल : साफसफाईच्या वेळी वरचे प्लग खाली, खालचे वर बसवतात. प्लगच्या टोकाला तारेचा ब्रश वर्ज्य. हातातून जमिनीवर पडलेला प्लग नवा असला तरी पुन्हा बसवत नाहीत.