घरच्या टपालाची मुखत्यारी

युनिक्स प्रणालीच्या आरंभकाळी संगणकावर पत्र पोहोचणे याचा अर्थ, ज्याच्या नावे ते आले त्याच्यासाठी राखलेल्या एकुलत्या एका फाइलीच्या शेवटी ते चिकटवले जाणे, इतकाच होता. पुढे कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी १९७९ मध्ये डिलिव्हरमेल आणि नंतर त्यातूनच सेंडमेल हा प्रोग्राम सिद्ध केला, तेव्हा निरनिराळ्या जाळ्यांतील पत्त्यांचा गुंता सोडवून मार्ग ठरविण्याचे काम त्यांनी त्याच्याकडे ठेवले आणि मुक्कामी पत्र स्वाधीन करण्याचे काम दुसऱ्या, लहान प्रोग्रामकडे सोपविले. पुढील साऱ्या इतिहासाचे मूळ मी या वाटणीत मानतो. कारण वाहणारा आणि स्वाधीन करणारा हे निराळे ठरले, म्हणूनच दुसऱ्याच्या जागी आपल्या पसंतीचा कारकून नेमण्याची मुखत्यारी पत्र घेणाऱ्याच्या हाती आली.

स्टीफन व्हॅन डेन बर्ग यांनी १९९० साली लिहिलेला प्रोकमेल हा असाच कारकून. प्रेषक अमुक असेल, विषयात तमुक शब्द असेल, तर पत्र कोणत्या दप्तरात जावे, याची कलमे एका साध्या फाइलीत लिहून ठेवावीत आणि आलेले प्रत्येक पत्र वरून खाली त्यांच्याशी ताडून, जे कलम प्रथम लागू पडेल त्याच्या हुकुमाबरहुकूम त्याची रवानगी व्हावी, अशी ही तजवीज होती. त्या कलमांची चिन्हलिपी दुर्बोध, हे खरे. परंतु दोन पत्रे एकाच क्षणी आली असता एकाचा मजकूर दुसऱ्यात मिसळू नये म्हणून लिहिताना फाइलीला कुलूप घालण्याची तिच्यातील दक्षता मला फार मोलाची वाटते. डॅनियल बर्नस्टाइन यांनी मेलडिर या रचनेत प्रत्येक पत्रास स्वतंत्र फाइल दिली आणि पूर्ण लिहून झाल्यावरच ती नव्या पत्रांच्या कप्प्यात हलविण्याचा नियम घातला, तेव्हा त्या कुलपाचीच गरज उरली नाही.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले, त्या काळी घरचा संगणक टेलिफोनच्या तारेवर घटकाभरच जोडलेला असे, आणि त्या घटकेचे पैसे पडत. अशा घरांसाठी एरिक रेमंड यांचा १९९६ चा फेचमेल विशेष उपयुक्त होता. दूरच्या सर्व्हरवर साचलेली पत्रे तो ओढून आणी आणि जणू ती थेट बाहेरून आली आहेत अशा रीतीने घरच्याच सेंडमेलच्या हवाली करी, त्यामुळे घरची सारी कलमे त्यांना लागू होत. मग फोन ठेवून पत्रे निवांत वाचावीत.

२००१ मध्ये प्रमाणित झालेल्या सिव्ह या भाषेने ही कलमे सर्व्हरवर नेली, आणि परक्या यंत्रावर त्यांनी उपद्रव करू नये म्हणून तिच्या मूळ रूपात आवर्तनांना व बाहेरचा प्रोग्राम चालविण्यास मज्जाव ठेवला. तिच्यातील एक तरतूद मात्र मी सर्वांत विचारपूर्वक केलेली मानतो: कोणतेच कलम लागू पडले नाही, किंवा कलमे चालविताना चूक उद्भवली, तरी पत्र नष्ट न होता मुख्य पेटीत जमा व्हावे.