तूट कुणाच्या नावावर?

आम्ही कुपवाडच्या. आमच्यातल्या दोघी-तिघी एमआयडीसीत पॅकिंगला आहेत, एक शीतगृहात बेदाणा निवडते, आणि बाकीच्या सांगली-मिरजेच्या मोठ्या दुकानांत कामाला जातो. कुणी काउंटरवर, कुणी मागे स्टोअरमध्ये. आज बोलणार आहोत ते या मागच्या खोलीतल्या भाषेबद्दल. गिऱ्हाइकाला ती कधी ऐकू येत नाही.

आमची एक मैत्रीण नवीन लागली, तेव्हा तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, "फेसिंग नीट कर." ती बिचारी ओढणीनं तोंड पुसायला लागली. फेसिंग म्हणजे रॅकवरच्या डब्यांची तोंडं गिऱ्हाइकाकडे करून ठेवायची. मग हळूहळू कळत गेलं. फिफो म्हणजे आधी आलेला माल आधी विकायचा. जीआरएन म्हणजे गाडीतून माल उतरल्याची नोंद. डेड स्टॉक म्हणजे महिनोन्महिने जागचा न हललेला माल. पण एक शब्द असा होता की त्याचा अर्थ कळायच्या आधी त्याचा फटका बसला. श्रिंकेज. सहा महिन्यांनी सगळा माल मोजला, आणि साहेब म्हणाले, यंदा श्रिंकेज जास्त आहे. आम्हाला वाटलं, कापड धुतल्यावर आटतं तसं काहीतरी असेल. पगाराच्या दिवशी प्रत्येकीचे चारशे-चारशे रुपये कमी आले, तेव्हा कळलं काय आटलं ते. कागदावर जेवढा माल होता, तेवढा रॅकवर भरला नाही. तो फरक आमच्यात वाटून टाकला होता.

दुकान कुठलं ते सांगत नाही. पण तेव्हापासून आम्ही विचारायला लागलो, की ही तूट पूर्वी कुणाच्या खात्यावर पडायची? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं, बाजारातल्या हमालमामांना विचारलं, वाचनालयातून पुस्तकं आणली. त्यातून जे समजलं ते सांगतो.

आपली सांगली मुळात साठवणुकीवर वाढलेलं गाव. एका पेठेचं नावच वखारभाग. वखार म्हणजे माल साठवायची जागा. राजापूरला इंग्रजांची वखार होती आणि शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये ती लुटली, हे शाळेत शिकलोय. गोदाम हा शब्द तर मलायातल्या 'गुडांग'वरून आला असं सांगतात, आणि तिकडे तो आपल्याच दक्षिणेतून गेला असावा. म्हणजे मालाबरोबर शब्दही जहाजानं फिरून आला. गल्ला हा फारसीतून आलेला शब्द, त्याचा अर्थ धान्य. आता आपण पैशाच्या पेटीला गल्ला म्हणतो.

पण आपलं खास कोठार म्हणजे हरिपूरची पेवं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती घट्ट माती. त्यात खोल खड्डा घ्यायचा, तोंड अरुंद, पोट मोठं. आतून उसाचा पाला वगैरे लावायचा, हळदीची पोती उतरवायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आत हवा नाही, म्हणून कीड नाही. हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे, कारण कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरायचा. "अमक्या गोष्टीचं पेव फुटलं" असं आपण म्हणतो, ते या पेवावरूनच. 2005 च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि ती परंपरा जवळपास संपली. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर हळद पत्र्याच्या गोदामांत आणि शीतगृहांत गेली होती.

हळदीचे शब्द बायकांना आधीपासून माहीत, कारण निवडायला बायकाच. जेठा गड्डा, बगल गड्डा, हळकुंड, सोरा गड्डा, कणी. हाताला लागलं की कळतं कुठलं कुठे टाकायचं. पण सौद्याचे शब्द वेगळे, आणि ते बायकांपर्यंत येऊच द्यायचे नाहीत अशी रीत. शेतकऱ्यालासुद्धा कळू द्यायचे नाहीत, मग आपली काय कथा.

दलालांची एक खास बोली होती, नंदभाषा. मोल्सवर्थ साहेबांच्या जुन्या मराठी कोशात तिचे आकडे दिलेत. उधानू म्हणजे तीन, पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच, शेली म्हणजे सहा. शेतकरी शेजारी उभा असायचा, आणि त्याच्याच मालाचा भाव त्याच्यासमोर या भाषेत ठरायचा. काही बाजारांत तर तोंडही उघडायचे नाहीत. रुमालाखाली किंवा उपरण्याखाली हात धरायचा, आणि बोटं दाबून भाव सांगायचा. जनावरांच्या बाजारात हे अजूनही दिसतं.

भाव ठरल्यावर कपात सुरू. नमुना म्हणून मूठभर माल काढायचा आणि तो परत द्यायचा नाही. पोत्याचं वजन वजा करायचं ते बारदान. माल ओला आहे, पुढे सुकेल, माती आहे, म्हणून वजन कापायचं तो कडता. शिवाय हमाली, तोलाई, अडत, आणि वर धर्मादाय. दान व्यापाऱ्याचं, पैसे शेतकऱ्याचे! आमच्यातल्या एकीचे आजोबा म्हणायचे, हिशेबपट्टी हातात आली की खालचा आकडा बघायचा, वरचं वाचलं तर जेवण जात नाही.

आता हे बघा. माल सुकतो, वजन घटतं, हे खोटं नाही. श्रिंकेज तेव्हाही होतंच. पण ते व्हायच्या आधीच त्याला कडता म्हणायचं आणि बाजारात ज्याचं बळ सगळ्यांत कमी त्याच्या नावावर घालायचं, ही त्या शब्दाची करामत.

हे बदलायला कायदे लागले. शेतीवरच्या शाही आयोगानं 1928 च्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई इलाख्यात 1939 मध्ये बाजार कायदा झाला. पण सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं, 1948 मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झालं, आणि मगच इथे मुंबईचे कायदे आले. पुढे महाराष्ट्राचा 1963 चा बाजार कायदा आला. उघड लिलाव, ठरलेली कपात, लेखी पट्टी. रुमाल गेला. कडता मात्र पूर्ण गेला नाही, कुठे ना कुठे त्यावरून अजून भांडणं होतात.

हमालांसाठी 1969 चा माथाडी कायदा झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांचा लढा होता. पाठीवर ओझं वाहणाऱ्याची हजेरी आणि मजुरी मंडळाकडे नोंदली जाऊ लागली. आणि निवडणाऱ्या, पाखडणाऱ्या, सांडलेले दाणे झाडून गोळा करणाऱ्या बायका? कायद्याच्या नावातच 'हमाल व इतर श्रमजीवी' असं आहे, पण बाईच्या कामाला काम म्हणायचं की हातभार, हा प्रश्न गोदामाच्या दारात अडकून राहिला. कित्येक ठिकाणी झाडलेल्या धान्यातलं थोडं धान्य हीच मजुरी. तिच्या कामाला नाव नव्हतं, म्हणून दरही नव्हता.

एक गोष्ट आम्हाला फार आवडली, म्हणून थोडं आडवाटेला जातो. जुने दुकानदार "दुकान बंद करा" म्हणत नाहीत, "दुकान वाढवा" म्हणतात. आपणही बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. दुकान आणि बाईचं सौभाग्य, दोन्हीकडे अशुभ बोलायचं नाही म्हणून एकच शब्द. आमच्या दुकानात रात्री शटर ओढताना आम्ही मुद्दाम म्हणतो, "चला, वाढवा." साहेबांना वाटतं पगार वाढवा म्हणतोय. ते पण चालेल.

नंतरचा काळ झपाट्यानं बदलला. शेर, मण, पायली जाऊन 1962 पर्यंत किलो सक्तीचा झाला. पाकिटावर एमआरपी छापणं 1990 पासून बंधनकारक झालं, तेव्हा भावाचं गुपित निदान गिऱ्हाइकापुरतं उघडं पडलं. बारकोडचा पहिला बीप 1974 मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या एका दुकानात वाजला, च्युइंगमच्या पाकिटावर. आज आपल्या मालावर 890 नं सुरू होणारा आकडा दिसतो, तो भारतात घेतलेला क्रमांक. मशीन सगळं मोजतं. पण तूट कुठे झाली ते मशीन सांगत नाही. उंदरानं पोतं कुरतडलं, गाडीतून एक खोका कमी उतरला, दोनदा स्कॅन झालं, गिऱ्हाइकानं पिशवीत घातलं, तारीख उलटून माल फेकला, सगळ्याला एकच शब्द, श्रिंकेज. आणि सगळ्यात जवळ उभी कोण, तर काउंटरवरची बाई.

आता आम्हाला काय सापडलं ते. 1936 चा वेतन प्रदान कायदा होता. त्यात लिहिलं होतं की मालाच्या तुटीसाठी पगार कापायचा असेल, तर तो माल त्या कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेला हवा, आणि तूट थेट तिच्या हयगयीनं झालेली हवी. कापण्याआधी तिचं म्हणणं ऐकायला हवं, आणि झालेल्या नुकसानापेक्षा जास्त कापता येत नाही. 2019 च्या वेतन संहितेतही हेच तत्त्व ठेवलंय. सगळ्यांची मिळून तूट सगळ्यांत वाटून टाकायची, असं कुठेही नाही.

आम्ही सहा जणींनी एका साध्या कागदावर अर्ज लिहिला. 'आमच्या ताब्यात कोणता माल कोणत्या तारखेला दिला, त्याची नोंद दाखवावी.' शब्द त्यांचेच वापरले: जीआरएन, डॅमेज, एक्सपायरी. साहेबांनी दोनदा वाचला. एक महिन्यानं चौघींचे पैसे परत आले. दोघींचे अजून आलेले नाहीत. त्या दोघी तेव्हा मागच्या स्टोअरमध्ये होत्या, आणि किल्लीच्या वहीत त्यांची सही आहे, असं कारण दिलंय. पण त्या वहीत आणखी पाच जणांच्या सह्या आहेत, त्यातले तिघे पुरुष, आणि त्यांचा पगार पूर्ण आला. त्या वहीच्या पानांचे फोटो आम्ही काढून ठेवलेत. पुढचा अर्ज सोमवारी देतोय.

तुमच्या दुकानात, गोदामात, शीतगृहात तुटीला काय म्हणतात? केंद्रावर येऊन सांगा किंवा चिठ्ठी पाठवा. आम्ही शब्दांची वही केलीय, तिची निम्मी पानं अजून कोरी आहेत.